गोडं तेल

ओरनाने फोनवर सांगितलं, "रिव्का, आता बाटलीवर सगळं लिहावं लागणार. आत काय काय घातलंय ते. आरोग्य खात्याचा माणूस येऊन गेला. लेबल नसेल तर मला दुकानात ठेवता येणार नाही."

"आत तेल आहे," मी म्हटलं. "बाटली काचेची आहे. आणि आंधळा असेल त्याला वास येईल."

ओरना हसली, पण हट्ट काही सोडला नाही.

तिचं अरादला छोटं दुकान होतं. मृत समुद्राकडे जाणारे टुरिस्ट तिथे थांबायचे आणि साबण, मेणबत्त्या, चिखलाच्या पिशव्या घेऊन जायचे. त्यांच्यातच एका फळीवर माझं केसांचं तेल असायचं. मी राहायची किर्यात गातला. माझा मुलगा एलिरान अरादला राहून हॉटेलांची व्हॅन चालवायचा, तोच बाटल्या तिकडे न्यायचा. ओरना मला रिव्का म्हणायची. माझं नाव रिबेका. या देशात आल्यापासून पुष्कळांनी ते परस्पर बदललं, मी कुणाला अडवलं नाही.

आमचे वाडवडील कोकणात तेली होते. शनवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. माझ्या बापाच्या वेळेपर्यंत घरी घाणा होता, बैल होता. आमच्याकडे नारळाचं ते खोबरेल, उंडीचं, दिव्यात जाळायचं, ते कडू तेल, आणि तिळाचं, जे पोटात चालतं आणि अंगालाही चालतं, ते गोडं तेल. तिळाचं तेल असं कोणी म्हणतच नसे. गोडं तेल म्हटलं की संपलं. पुढे मुंबईत आलो तेव्हा वाणी गोडं तेल म्हणून शेंगदाण्याचं द्यायला लागला, तर माझी आई पिशवी घेऊन परत यायची.

किर्यात गातला कापडाच्या गिरणीत माझा नवरा शमशोन होता, मीही काही वर्षं होते. तो गेला, गिरणीही बंद पडली, आणि मी घरी तेल उकळायला बसले. आधी आपल्याच लोकांसाठी. कुणाच्या मुलीची मेंदी असली की नवरीच्या केसांना माझं तेल. मग ओरनाने एकदा वास घेतला आणि ते टुरिस्टांच्या डोक्यापर्यंत पोचलं.

लेबलासाठी एलिरान एका शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात पेन घेऊन बसला. सगळेजण दोन हजार साल येणार म्हणून बोलत होते तेव्हाची गोष्ट. माझी नणंद डेझी त्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायची, तीही चहाला आली होती. डेझी मुंबईत शाळा शिकलेली. मी नाही. मला तेव्हा मराठीही वाचता येत नव्हतं आणि हिब्रूही नाही. बोलायला मात्र दोन्ही यायचं.

एलिरान आमची मराठी ऐकायचा आणि उत्तर हिब्रूत द्यायचा, मलाही आई न म्हणता इमा म्हणायचा. लहान होता तेव्हा शाळेतली पोरं त्याला टर्की कोंबडा म्हणून चिडवायची, कारण हिब्रूत इंडियाला आणि त्या कोंबड्याला एकच शब्द. तेव्हा त्याने मराठी आधी रस्त्यावर टाकली, मग जिन्यात, मग घरात.

"बोल, इमा," तो म्हणाला. "पहिलं काय?"

"माका."

"तिरास?" त्याने लिहायला सुरुवात केली.

"काय लिहितोस रे?" डेझी ओरडली. "तिरास म्हणजे मका. कणीस! तुझी आई लोकांच्या डोक्यावर कणसं घासते काय?"

"मग माका म्हणजे काय?"

"झाड असतं, बाबा. रामलेच्या इंडियन दुकानात त्याची पावडर मिळते. लिही, हिंदुस्थानचं झाड."

"आणि?"

"जास्वंद."

ते त्याला ठाऊक होतं. आमच्या देवळाच्या, म्हणजे सिनेगॉगच्या, मागे जास्वंदीचं कुंपण होतं आणि लहानपणी मी त्यालाच फुलं तोडायला पाठवायची. मेथीला आमचे येमेनी शेजारी हिल्बे म्हणतात, तेही त्याला आलं. वाळ्याशी अडलं, मग त्याने गवताची मुळं असं लिहिलं.

"आणि तेल? तेल कुठलं?"

"गोडं तेल."

त्याने डोळे बारीक केले. कुठूनतरी शब्द ओढून काढत असल्यासारखं. "गोडं... मातोक?"

"हो. मातोक. गोड."

"शेमेन मातोक." त्याने लिहिलं. "साखर घालतेस की काय त्यात?"

"तुझी जीभ घालते," डेझी म्हणाली. "म्हणून तर विकलं जातं."

आम्ही तिघं हसलो. त्याने कागद घडी करून खिशात घातला, बाटल्यांचं खोकं उचललं आणि गेला.

त्याने विचारलं असतं, कसलं गोडं, तर मी सुमसुम म्हटलं असतं. तिळाला सुमसुम म्हणतात हे मला चांगलं ठाऊक होतं, बेकरीत रोज म्हणत होते. पण त्याने शब्दाचा अर्थ विचारला, आणि गोडचा अर्थ मातोक हाही खोटा नव्हता.

पुढच्या वेळी लेबल लावलेली बाटली त्याने आणून दाखवली. सोनेरी किनार, आणि कोपऱ्यात एक हत्ती. मी हत्ती जन्मात पाहिला तो राणीच्या बागेत. पण लेबल सुरेख दिसत होतं. मी बाटली पुसून कपाटात उभी केली.

माझी सून मिखल मोरोक्कोच्या घरातली, अरादच्या शाळेत गणित शिकवायची. तिच्याशी माझं भांडण कधी नव्हतं, पण फार जवळीकही नव्हती. ती मोजकं बोलायची आणि बोललेलं करायची. इताय झाला तेव्हा मला त्याला मांडीवर घेऊन तेल लावायचं होतं, जसं आम्ही सगळी वाढलो. त्याची कातडी जन्मापासून कोरडी, लाल चट्टे यायचे. मिखल म्हणाली, डॉक्टरने मलम दिलंय. मी म्हटलं, बरं. पोर तिचं.

तो खायला लागला तेव्हा तिने त्याला बोटावर तेहिना, म्हणजे वाटलेल्या तिळाची चटणी, चाटवली. ओठ सुजले, डोळे सुजले. डॉक्टरने सांगितलं, तीळ या मुलाला विष आहे. या देशात तीळ कुठे नाही? पावावर आहे, बिस्किटात आहे, हलव्यात आहे. ते यायचे असले की मी आदल्या दिवसापासून घर धुवायची. तेलाचं पातेलं, गाळणं, झारा, सगळं डेझीच्या घरी. माझ्या तेलात तीळ आहे हे त्यांना ठाऊक असणारच, असं मी धरून चालले होते. हात साबणाने इतके घासायची की डेझी म्हणायची, "वहिनी, आता हाडं दिसतील."

एलिरान मात्र विसरायचा. मनाने वाईट नाही, पण विसरायचा. एकदा त्याने मित्राच्या घरी पोराच्या हातात बेगेले पावाचा तुकडा दिला, वर तीळ असलेला. तेव्हा थोडक्यात निभावलं. मिखल माझ्यासमोर त्याला म्हणाली, "आणखी एकदा असं झालं तर मी इतायला घेऊन आईकडे जाईन. आणि परत येणार नाही." आवाज चढवला नाही. माळ्यावरून तिने बॅग काढली आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवली. ती तिथेच राहिली. मी जायची तेव्हा तिच्याकडे न बघता सोफ्यावर बसायची.

त्या हिवाळ्यात इतायच्या कोपरांना आणि मानेला भेगा पडल्या. मलमाने काही होईना. मिखल काहीतरी आणायला ओरनाच्या दुकानात गेली होती, तिथे तिला फळीवर माझी बाटली दिसली. तिने लेबल वाचलं. नीट, एकेक शब्द वाचला असणार, ती तशीच होती. त्यात तीळ नव्हता. तिने बाटली विकत घेतली. हे तिने मला नंतर सांगितलं. म्हणाली, मला वाटलं होतं तू पुढच्या वेळी येशील तेव्हा सांगेन, की तुझंच तेल लावते. तुला बरं वाटेल.

अंघोळीनंतर तिने त्याला मांडीवर घेतलं आणि तेल लावलं. त्याने मूठ तोंडात घातली.

एलिरानचा फोन आला तेव्हा मी आणि डेझी वाटाणे सोलत होतो. त्याला बोलता येत नव्हतं. आम्ही तशाच बेर शेवाच्या बसमध्ये चढलो. सबंध वाटेत डेझी माझा हात धरून होती आणि मी मनात एकच म्हणत होते, एलियाहू हन्नबी, माझं सगळं घे. मलिदा करीन, उपास करीन, जे हवं ते घे.

इस्पितळात गेलो तर पोर वाचलं होतं. नळ्या होत्या, तोंड ओळखू येत नव्हतं, पण श्वास लागला होता. डॉक्टर बाई म्हणाली, आता भीती नाही. मी भिंतीला धरून खाली बसले आणि देवाचं नाव घेतलं.

मिखल कॉरिडॉरमध्ये आली. तिच्या हातात बाटली होती. सोनेरी किनार, हत्ती.

"रिव्का, यात कुठलं तेल आहे?"

"सुमसुम," मी म्हटलं. मला वाटलं, विचारते म्हणून सांगावं. तोवर माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

तिने बाटली माझ्यासमोर धरली आणि बोट ठेवलं. "इथे शकेदिम मेतुकिम लिहिलंय. गोड बदाम."

ती अक्षरं माझ्यासाठी मुंग्या होत्या. पण कानाने ऐकलं. मेतुकिम. मातोक. आमचं गोडं त्याच्यात जाऊन बसलं होतं, आणि पुढे बदाम आला होता. मी एलिरानकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. त्याला माझ्याआधी कळलं होतं.

ओरनाने मला मागाहून रडत रडत सांगितलं ते असं. कागद वाचून ती म्हणाली, शेमेन मातोक असं काही नसतं, गोड बदामाचं तेल असतं, तेच ना? बाहेर व्हॅनमध्ये हॉटेलची माणसं बसली होती, इंजिन चालू होतं. तो म्हणाला, केन, केन, तेच. हो, हो, तेच.

"हे कुणी लिहायला सांगितलं?" मिखलने विचारलं. तिने मला विचारलं, पण बघत होती एलिरानकडे.

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मला ती बॅग दिसली, कोपऱ्यातली. आणि तो दिसला, रिकाम्या घरात.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "मीच त्याला शकेदिम लिही म्हटलं."

"का?"

का, ते मी ठरवलं नव्हतं. तोंडात आलं ते बोलले. "बदामाचं म्हटलं की लोक भाव जास्त देतात."

मिखल माझ्याकडे बघत राहिली. एखादं माणूस आपण ओळखत होतो असं वाटावं आणि ते भलतंच निघावं, तशी. "म्हणजे तू खोटं लिहवलंस."

"हो."

मला वाटलं, आता एलिरान बोलेल. आता म्हणेल, नाही, इमाने नाही. तो भिंतीला टेकला, तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि काही बोलला नाही. मग वाटलं, इथे नाही बोलणार, घरी गेल्यावर बोलेल.

"यापुढे तू इतायला हात लावायचा नाहीस," मिखल म्हणाली. "भेटायचं असेल तर मी समोर असेन तेव्हा. लांबून." आणि ती आत गेली.

परतीच्या बसमध्ये लेहावीम गाव येईपर्यंत डेझीने दम धरला. मग फुटली.

"वहिनी, तू तेल्याची पोर. तेल्याच्या पोरीने आपल्या तोंडाने सांगितलं, मी भेसळ केली? तुझा बाप असता तर घाण्याला डोकं आपटून घेतलं असतं."

"बाप नाही आता, डेझी."

"मी आहे ना! मी तिथे बसले होते चहा पीत. गोडं तेल म्हणालीस, या कानांनी ऐकलं. त्या गाढवाला माका कळत नाही, मका कळतो. मी उद्या तिला फोन करते."

"करू नकोस."

"करणार."

"डेझी, तुझ्या भावाचं घर आहे ते. एकच मुलगा आहे त्याचा. मोडायचंय तुला?"

ती खिडकीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने रुमाल काढला. "तो मुलगा नव्हे, मुळा आहे," ती म्हणाली. "वर पाला, खाली पाणी." मला त्या वेळीही हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं.

ओरनाने बाटल्या परत पाठवल्या. बातमी त्यांच्याबरोबर अरादहून इकडे कशी आली कोण जाणे, पण आली. मझल नावाची आमच्या देवळातली बाई, तिच्या मुलीची मेंदी होती. तिने निरोप पाठवला, तेल नको, दुकानातून आणलंय. मी मेंदीला गेले. बायका बोलल्या माझ्याशी, ताट वाढून दिलं. पण नवरीचे केस मोकळे सोडले तेव्हा सगळ्या क्षणभर माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागल्या. मी घरी येऊन तेलाचं पातेलं घासून ठेवलं आणि पुन्हा चुलीवर चढवलं नाही.

मोआदोनमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या क्लबात, एक बाई हिब्रू अक्षरं शिकवायची. मी जाऊन बसायला लागले. डेझी संध्याकाळी मराठी शिकवायची, चुकलं की पेन्सिलीने बोटावर मारायची. लोक म्हणायचे, या वयात कशाला? मी सांगत नसे.

एलिरान शुक्रवारी एकटाच यायचा. भाजी आणायचा, गॅसचा नळ बघायचा, इतायचे फोटो दाखवायचा. त्या गोष्टीचं नाव नाही. एकदाच, जाताना दाराशी, माझ्याकडे न बघता म्हणाला, "इमा, अजून थोडे दिवस. ती शांत झाली की मी सांगतो."

मी म्हटलं, "बरं."

फोटोतला इताय रांगायला लागला, उभा राहिला, चालायला लागला.

उन्हाळ्याच्या शेवटी एका दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर मिखल, कडेवर इताय. मी बाल्कनीतून वाकून पाहिलं, खाली व्हॅन होती आणि एलिरान आत बसला होता.

"मीच त्याला खाली थांब म्हटलं," मिखल म्हणाली. "मला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय."

डेझी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. मिखलने इतायचे सँडल काढले आणि त्याला जमिनीवर सोडलं. बाल्कनीच्या दाराशी कपड्यांच्या चिमट्यांची टोपली होती. तो सरळ तिकडे गेला. एक चिमटा घेतला, उघडला, मिटला, आणि मला दाखवायला आला. मी हात पाठीमागे घेतले. त्याला वाटलं खेळ आहे. त्याने माझ्या झग्याच्या कडेला चिमटा लावला आणि दुसरा आणायला पळाला.

मिखल माझ्या हातांकडे बघत होती.

"शाळा सुरू झाली की मला कामावर जायचंय," ती म्हणाली. "आईच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, तिला पोर उचलता येत नाही. पाळणाघरात मी ठेवणार नाही, तिथे प्रत्येक मुलाच्या हातात बेगेले असतं. मला असं माणूस हवंय, जे याच्या तोंडात काय जातं ते बघेल. मला आठवतं, आम्ही यायच्या आधी तू भांडी सुद्धा घराबाहेर काढायचीस. असं करणारी बाई पैशासाठी लेबलावर खोटं लिहील, हे मला जमत नाही. उत्तर जुळत नाही."

मी झग्याला लागलेल्या चिमट्याकडे पाहिलं.

"मी ओरनाला विचारलं. ती म्हणते, रिव्काच्या तोंडून मी शकेदिम कधी ऐकलं नाही. तो शब्द माझ्या दुकानात निघाला, एलिरानसमोर. एलिरान म्हणतो, नाही, इमाने घरीच तसं सांगितलं होतं."

"एलिरान असं म्हणाला?"

"हो. काल मी परत विचारलं. परत तेच म्हणाला."

तोवर तो गप्प होता एवढंच मला ठाऊक होतं. गप्प बसणं मी समजून घेतलं होतं. आता तो बोलला होता. माझं खोटं त्याने उचलून आपल्या तोंडात घेतलं होतं.

"आणि समजा," मी विचारलं, "त्याची चूक असली, तर काय करशील?"

"चुकीचं काय, चूक कुणाचीही होते. पण त्याने इतके महिने तुला यात उभं केलं असेल, तर मी त्याच्याबरोबर राहणार नाही. मी जे म्हटलं होतं ते करीन." ती थांबली. "पण तू इतायची आजी राहशील. मी कुठेही राहिले तरी तो रोज तुझ्याजवळ असेल. ते मी तुला आज सांगते. मला फक्त खरं सांग."

इताय चिमटे लावत होता. झग्याच्या कडेला आता एक रांग झाली होती. तो एकेकाला हात लावून काहीतरी म्हणत होता, नावं ठेवत असावा. त्याच्या मानेवर अजून कोरडे चट्टे होते. एवढ्या जवळून मी त्याला किती दिवसांनी बघत होते. बोट पुढे केलं असतं तर लागलं असतं.

डेझी चहाचा ट्रे घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"सांग, वहिनी," ती मराठीत म्हणाली. "देव दारात आलाय तुझ्या. सांग, नाहीतर मी सांगते."

"सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"त्या मुळ्यासाठी?"

"डेझी, गप."

"ती काय म्हणते?" मिखलने विचारलं.

"विचारते, साखर किती घालू."

डेझीने ट्रे असा आपटला की चहा बशीत सांडला. आणि ती आत निघून गेली.

मी मिखलकडे पाहिलं. ती चांगली मुलगी होती. मला तिथे, त्या घटकेला, ती माझ्या मुलाहून जास्त आवडली. पण मी मनात त्याला पाहत होते, खाली व्हॅनमध्ये, स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला, वर काय चाललंय याचा अंदाज घेत. तो भित्रा निघाला होता. भित्र्याला बायको आणि पोर गेल्यावर काय उरतं?

"मीच सांगितलं होतं," मी म्हटलं. "शकेदिम. मीच."

"घरी? त्याला?"

"हो. इथे, या टेबलाशी."

"जास्त भावासाठी."

"हो."

तिला कळलं असावं, असं मला अजूनही वाटतं. पण तिने विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं, दोनदा.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. उठली. खाली वाकून माझ्या झग्याचे चिमटे तिने एकेक करून काढले आणि टोपलीत टाकले. इताय रडायला लागला. तिने त्याला उचललं. तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे हात करत होता, की टोपलीकडे, मला सांगता येत नाही. दार लागलं. जिन्यात त्याचं रडणं खाली खाली गेलं.

आत डेझी मोठ्याने भांडी घासत होती. मी चहाचे कप तसेच ठेवले.

थोड्या वेळाने पुन्हा बेल वाजली. एलिरान होता.

"सँडल राहिले," तो म्हणाला.

मी सोफ्याखालून सँडल काढून दिले. त्याने ते घेतले पण हलला नाही.

"काय सांगितलंस तिला?"

"तेच."

त्याचे खांदे खाली आले. लहान असताना ताप उतरला की यायचे, तसे. मी ते पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. हिब्रूत काही आलं नाही बहुतेक. त्याने सँडल एका हातातून दुसऱ्या हातात घेतले, आणि किती वर्षांनी कोण जाणे, मराठीत म्हणाला,

"आई, जातो."

आमच्यात जातो कोणी म्हणत नाही. घराबाहेर पडताना येतो म्हणायचं. लहानपणी त्याने जातो म्हटलं की मी त्याला उंबऱ्यातून परत बोलवायची, पुन्हा म्हणायला लावायची, मगच सोडायची.

तो तोवर अर्धा जिना उतरला होता.

"ये," मी म्हटलं.